शेजारच्या भट्टीचं शहाणपण

पत्रिकेवर विषय छापलाय 'उद्योगांची दाटी आणि नवनिर्मिती'. त्यावर येतोच. पण समोर निम्मी मंडळी फाउंड्रीतली, लोखंड ओतणारी दिसतात, तेव्हा आधी एक पावसाळा सांगतो.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मी नवा सुपरवायझर होतो. जुलै महिना. पंपाच्या बॉडीचं कास्टिंग, म्हणजे ओतीव नग, मशीनवर चढवलं, की आत ब्लोहोल, वायू अडकून पडलेलं भोक. दहातले चार नग भंगारात. वाळू बदलली, रायझर, म्हणजे साच्यातला जादा धातूचा साठा, वाढवला, लोखंड जास्त तापवून ओतलं. तीन आठवडे गेले. मालक बोलायचे थांबले, आणि मालक गप्प म्हणजे काय, हे इथं कुणाला सांगायला नको. (हशा)

एका संध्याकाळी फोडलेला तुकडा हातात घेऊन टपरीवर उभा होतो. शेजारच्या शेडमधले पॅटर्नमेकर, म्हणजे साच्यासाठी नमुने करणारे मिस्त्री, आमच्या कामाशी त्यांचं देणंघेणं नाही. त्यांनी तुकडा घेतला, भोकात करंगळी फिरवली. आतून गुळगुळीत, चकचकीत. "कोअर कवा केलासा?" कोअर म्हणजे नग आतून पोकळ राहावा म्हणून साच्यात बसवतात तो वाळूचा गाभा. म्हटलं, परवा. "पावसात परवाची कोअर घालतासा व्हय? पाणी पिली की ती!"

सिलिकेटनं घट्ट केलेली कोअर दमट हवेतलं पाणी ओढते. वितळलेलं लोखंड लागलं की त्याची वाफ होते आणि धातूत अडकते. दुसऱ्या दिवसापासून कोअर त्याच पाळीची, तीही ज्योतीनं शेकून. आठवड्यात प्रश्न मिटला. चहाचे पैसेही मिस्त्रींनीच दिले.

आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं १८९० मध्ये हेच मांडलं: एका धंद्याची माणसं जवळजवळ राहिली की धंद्यातली गुपितं हवेत असतात, पोरंसुद्धा नकळत शिकतात. आमच्या त्या हवेत पाणी होतं आणि उत्तरही होतं.

आता माझी तक्रार. नव्या औद्योगिक वसाहतींत रस्ते रुंद, कंपाउंड उंच, आणि टपरी म्हणजे अतिक्रमण! शेजारच्या कारखान्यात जायचं तर गेटवर नाव लिहा. वर कामगाराकडून लिहून घेतात, की जवळच्या कारखान्यात जाणार नाही.

वेळ संपल्याची चिठ्ठी आलीय, मुद्दे भराभर सांगतो. ड्रॉइंग फोनवर पाठवता येतं, पण करंगळीला कळलेलं माणसाबरोबरच जातं. म्हणून माणूस हलला पाहिजे. नोकरी सोडणाऱ्याला प्रतिस्पर्ध्याकडे जायला मनाई करणारे करार कॅलिफोर्नियात १८७२ पासून चालत नाहीत, बोस्टनकडे चालायचे. कॅलिफोर्नियातली सिलिकॉन व्हॅली बोस्टनच्या पुढे निघून गेली त्यामागचं हे एक कारण अभ्यासक सांगतात, आणि मला ते पटतं.

दुसरी बाजूही आहे. सगळे एकमेकांकडूनच शिकले तर सगळे एकाच चुकीत अडकतात. आमच्याकडे ऑइल इंजिनाच्याच कामावर बसून राहिलेले मागं पडले. वाहन उद्योगाचं काम घेतलं त्यांना बाहेरच्या गिऱ्हाइकानं नवी मापं शिकवली. उद्या विजेच्या गाडीला इंजिन ब्लॉक लागणार नाही. तेव्हा काय ओतायचं, हे एकेकट्यानं कंपाउंडआड बसून सुचणार नाही.

म्हणून अधिकारी मंडळींना एवढंच मागतो. पुढच्या वसाहतीचा नकाशा कराल तेव्हा वजनकाट्याशेजारी टपरीला प्लॉट आखा. दोन बाक, आणि पावसात दहा माणसं उभी राहतील एवढा पत्रा.