गरम झाल्यार उठणा नाय

(दृश्य : मालवण. माडांच्या सावलीत बॉनेट उघडलेली जिप्सी. सेल्फ फिरतो, धापा टाकतो, थांबतो.)

मे महिन्यातली दुपार. तारकर्लीहून आलेली ही जिप्सी वीस मिनिटं उभी होती, तेवढ्यात रुसली.

मालक वैतागलाय. "काका, सकाळी एका सेल्फात सुरू होता. गरम झाल्यार उठणा नाय. बॅटरी बदलली, प्लग बदलले, आता गाडीच बदलूची रवली."

सुरुवातीच्या जिप्सीत ९७० सीसीचं कार्बोरेटरचं इंजिन असायचं. या गाडीत ते काढून एस्टीमचं १२९८ सीसीचं एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरनं पेट्रोल फवारणारं, इंजिन बसवलंय. (इंजिन बदलायला आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. इथं दोन्ही आहे, नाहीतर आम्ही कॅमेरा काढला नसता.) घाटी मस्त चढते. पण अशा गाडीला शिंक आली तरी लोक नव्या इंजिनाकडे बोट दाखवतात. मिस्त्रीकाकांनी इंजिनाला हातच लावला नाही. त्यांनी मल्टिमीटर काढला.

एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या ब्लॉकला. "मार सेल्फ."

(दृश्य : मीटरवर १.३.)

हा आकडा पाव व्होल्टाच्या आसपास हवा. म्हणजे सेल्फच्या वाट्याचं व्होल्टभर व्होल्टेज अर्थच्या, म्हणजे बॅटरीला इंजिनाशी जोडणाऱ्या, वायरीतच मुरतंय. काका वायर सोलतात. बाहेरून धडधाकट दिसणारी वायर आत हिरवीगार. तांब्याची तार चिमटीत धरली की भुकटी होते. खाऱ्या हवेतलं मीठ ओल धरून ठेवतं, त्यामुळे किनाऱ्यावर वायर कधी पुरती सुकत नाही. नवी जाड वायर येते, ब्लॉकवरचा रंग खरवडून घट्ट आवळली जाते, वरून ग्रीस. सेल्फ आता गरागरा फिरतो.

आणि गाडी तरीही उठत नाही.

पुष्कळ गॅरेजांत इथून पुढं अंदाजपंचे सुरू होतं. आधी सेन्सर, मग कॉइल, शेवटी ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. बिल फुगतं, दुखणं तिथंच. काकांनी एक प्लग काढून पाहिला. ठणठणीत कोरडा. ठिणगी तपासली, निळी आणि खणखणीत. प्लग पेट्रोलनं भिजलेला असता तर इंजेक्टर गळतोय म्हटलं असतं. कोरडा आहे, म्हणजे पेट्रोल पोचतच नाही.

"झिला, चावी नुसती ऑन कर. सेल्फ नको."

(आवाज : मागून पंपाची घरघर, दोन-तीन सेकंद. बंद.)

"बंद कर. परत ऑन." असं तीनदा. मग सेल्फ. गाडी चटकन सुरू.

चावी ऑन केली की पंप क्षणभर चालून लाइनमध्ये प्रेशर भरतो. या इंजिनाला ते साधारण अडीच ते तीन बार लागतं. गाडी बंद केल्यावरही ते काही वेळ टिकायला हवं. टिकलं नाही तर कुकरची शिटी उचलल्यासारखं होतं. प्रेशर गेलं की तापलेल्या इंजिनाशेजारचं पेट्रोल पाइपातच उकळतं आणि इंजेक्टरच्या वाट्याला नुसती वाफ येते. सकाळी प्रेशर शून्यच असतं, पण पेट्रोल थंड असतं, त्याची वाफ झालेली नसते. म्हणून पहिल्या सेल्फात सुरू होते.

प्रेशर पळतं कुठून? काकांनी गेज जोडला. काटा तीनवर. चावी बंद. चहा अर्धा व्हायच्या आत काटा शून्यावर. पुन्हा प्रेशर भरून टाकीकडे परतणारा पाइप क्लॅम्पनं दाबला. काटा तसाच घसरला. मग पंपाकडून येणारा पाइप दाबला. काटा जागच्या जागी थिजला.

म्हणजे पेट्रोल पंपातूनच उलटं टाकीत जात होतं. पंपातला एकमार्गी व्हॉल्व्ह निकामी. इंजिन बदलताना कुणीतरी स्वस्तातला पंप घेऊन टाकीपेक्षा वर, सायलेन्सरच्या अंगाला ठोकला होता. असे पंप ढकलतात चांगले, ओढताना मात्र कुथतात, त्यात ही धग. मला मात्र खरा घाम फुटला तो पाइप पाहून. कार्बोरेटरच्या कमी प्रेशरचा साधा रबरी पाइप, त्यातून तीन बारनं पेट्रोल, शेजारी सायलेन्सर!

पंप नवा आला, टाकीच्या तळाच्या पातळीला, सायलेन्सरपासून लांब. पाइप इंजेक्शनच्या प्रेशरचे, क्लिपाही त्याच जातीच्या.

(दृश्य : दुसरा दिवस, भर दुपार. जिप्सी घाटी चढून थांबते. वीस मिनिटं जातात.)

मालक बसतो. चावी ऑन, बंद. ऑन, बंद.

"मेल्या, आता एकदाच फिरव!"