बाकावरची पोरं

नमस्कार मंडळी! आपल्याकडे बारावा खेळाडू म्हटलं की पाण्याच्या बाटल्या घेऊन पळणारा पोरगा आठवतो, पण अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचं गणित वेगळंय. मॅच ४० मिनिटांची, पाच फाउल झाले की खेळाडू बाद, आणि बदली कितीही वेळा करा, बाहेर बसलेला परत आत येऊ शकतो, त्यामुळे कोचच्या डोक्याला अख्खी मॅच एकच भुंगा, की आता कोणाला उठवू नि कोणाला बसवू.

२०१४-१५ च्या सीझनचंच घ्या. केंटकी युनिव्हर्सिटीचे कोच जॉन कॅलिपारींकडे एवढी भारी पोरं जमली की त्यांनी पाच-पाच जणांच्या दोन तुकड्याच पाडल्या, एक दमली की सगळीच्या सगळी बाहेर आणि दुसरी आत. डिसेंबरात एक जण जायबंदी झाला आणि ते विस्कटलं, तरी सलग ३८ मॅच मारल्या! पुढे एनबीएत, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, स्टार झालेला डेव्हिन बुकर या टीममध्ये बाकावरून यायचा, बोला आता. पण कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या सेमीफायनलला विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीने ७१-६४ असं घरी पाठवलं.

त्याच विस्कॉन्सिनशी फायनलला ड्यूक युनिव्हर्सिटी. ड्यूककडे स्कॉलरशिपवाले, म्हणजे खेळाच्या जोरावर फुकट शिकणारे, जेमतेम आठ. दुसऱ्या हाफात नऊ पॉइंटने मागे, मेन खेळाडू ओकाफोर फाउलमध्ये अडकलेला, आणि कोच शाशेफ्स्कींनी आत सोडला ग्रेसन ॲलन, पहिल्या वर्षाचा, सीझनभर मॅचमागे पाच पॉइंटही न काढणारा. पठ्ठ्याने ओळीने आठ पॉइंट मारले, एकूण १६, आणि ड्यूक ६८-६३ ने चॅम्पियन. दहा तगडे ठेवणारा घरी आणि आठवाल्याकडे कप, गंमतच आहे ना?

पण मला विचाराल तर बेंच वापरावा नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीचे जुने कोच डीन स्मिथ यांनी. ते राखीव पाच जण मुद्दाम पहिल्या हाफातच एकदम उतरवायचे, दोनेक मिनिटं, मेन पोरांना दम खायला मिळायचा आणि या पोरांनाही सीझनभर जीव तोडून प्रॅक्टिस करायला कारण. आणि त्यांचा एक नियम तर फारच आवडतो मला: दमलास तर मूठ वर कर, मी बाहेर काढतो, पण परत कधी जायचं ते तूच सांग. कोचने स्वतःहून काढलं तर मात्र कोचची मर्जी. म्हणजे बाकावरच्या पोराचं अर्धं लक्ष बॉलकडे, अर्धं कोणाची मूठ वर जातेय तिकडे!