नाव झाकून वाचलेली कथा

नमस्कार मंडळी. मासिकांच्या कथास्पर्धेला कथा कशी पाठवावी, यावर आज बोलायचंय. सुरुवात एका जुन्या हकिकतीनं करतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ती ठाऊक असेल, तरी चालेल. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखक, नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग उलगडा झाला, की जगताप नावाचे कुणी गृहस्थ नाहीतच, कथा डॉ. जयंत विष्णू नारळीकरांची आहे. आपली आद्याक्षरं उलटी लावून त्यांनी ते नाव बेतलं होतं. एवढ्यावर ते थांबले नाहीत. परिषदेच्या लोकांना त्यांचं अक्षर ओळखीचं होतं, म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या अक्षरात उतरवून पाठवली. अहमदाबादला एका परिषदेत कंटाळवाणं भाषण चाललं होतं, तिथे बसल्या बसल्या ती लिहायला घेतली, असं त्यांनीच सांगून ठेवलंय. तेव्हा आज इथे कुणी वहीत भलतंच काही लिहिताना दिसलं, तर मी राग मानणार नाही.

आता बघा, हा माणूस काही नवखा नव्हता. केंब्रिजहून नाव कमावून आलेला, १९६५ सालीच पद्मभूषण मिळालेला. त्यांनी स्वतःच्या नावानं कथा दिली असती तर कुठल्याही संपादकानं हात जोडून छापली असती. पण मग ती कथा म्हणून उभी राहते की नावाच्या खांद्यावर बसते, हे त्यांना कधीच कळलं नसतं. त्यासाठी त्यांनी नाव काढून ठेवलं. तुमच्या-माझ्यासारख्यांना नाव काढून ठेवायची गरज नाही, कारण काढण्याजोगं ते मुळात नसतंच. आणि आपण त्याचंच रडगाणं गातो! 'ओळख नसेल तर कोण छापतंय हो?' मासिकाची कथास्पर्धा ही अशी एक जागा आहे, की जिथे तुम्हाला न ओळखणारा माणूस, तुमच्या नावाशिवाय, तुमचा मजकूर शेवटपर्यंत वाचायला बसलेला असतो. घरचे लोक असं वाचत नाहीत. मित्र तर नाहीच नाही, ते लाइकचा अंगठा देऊन मोकळे होतात. बक्षिसाची रक्कम बहुतेक ठिकाणी प्रवासखर्चात जाते. मिळवायचं आहे ते हे वाचन.

शेवटपर्यंत वाचायला बसलेला असतो, असं म्हटलं खरं. पण वाचतो का, हे तुमच्यावर आहे.

ते कसं चालतं, सांगतो. दिवाळी अंकाची स्पर्धा असेल तर आवाहन साधारण उन्हाळ्यात निघतं. अंक दिवाळीच्या आधी हातात पडायचा, म्हणजे मुद्रणाला त्याच्या बऱ्याच आधी जायला हवा. त्यामुळे मुदत पावसाळ्यात संपते आणि शेवटच्या दोन दिवसांत कथांचा ढीग पडतो. संपादक मंडळातलं कुणीतरी नावाचा कागद वेगळा काढून प्रत्येक कथेवर क्रमांक टाकतं. पहिली चाळणी दोघंतिघं मिळून लावतात. ही मंडळी नोकरी सांभाळून, रात्री जेवणं झाल्यावर वाचत असतात. त्यातून उरलेल्या कथा परीक्षकांकडे जातात. म्हणजे तुमची पहिली गाठ परीक्षकांशी नाही, या दमलेल्या माणसाशी आहे. त्याच्या समोर अजून गठ्ठा आहे आणि कथा बाजूला ठेवायला त्याला कारण हवंच आहे. ते आपण होऊन कशाला द्यायचं?

आणि लोक देतात! 'कथेवर कुठेही नाव लिहू नये' असं ठळक अक्षरात छापलेलं असताना प्रत्येक पानाच्या तळाशी नाव, गाव, मोबाइल नंबर. काही जण तर नायकालाच स्वतःचं नाव देतात. 'कथा अप्रकाशित असावी' म्हटलं की विचारतात, फेसबुकवर टाकली होती, ती धरायची का? धरायची. हजार लोकांनी वाचली ती प्रसिद्धच झाली. फार तर आयोजकांना आधी विचारा, पण टाकून मग विचारू नका. मजकूर युनिकोडमध्ये मागितला असेल तर युनिकोडमध्येच द्या. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की समोर येते ती भलतीच चिन्हं. नुसती पीडीएफ पाठवली तर त्यातून मजकूर उचलताना जोडाक्षरं फुटतात. फोनवर बोलून टाइप करणाऱ्यांनी तर पाठवण्याआधी कागदावर छापून एकदा वाचावंच. आपण 'आजी' म्हणतो, फोनला 'आधी' ऐकू येतं, आणि मग कथेत 'आधी वारली' असं वाक्य येतं.

शब्दमर्यादा हा सगळ्यात भांडणाचा विषय. पाचशे म्हणजे पाचशे. संगणक दोन मोकळ्या जागांमधल्याला एक शब्द धरतो, तुम्हीही तेच धरा. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे आपल्या पाचशे शब्दांत हिंदीच्या पाचशेपेक्षा बराच जास्त ऐवज मावतो. तक्रारीला जागा नाही. हल्ली शतशब्दकथा, म्हणजे 'शशक', आणि अतिलघुकथा, म्हणजे 'अलक', यांच्याही स्पर्धा निघतात. तिथे तर एकेका शब्दाचा हिशेब द्यावा लागतो. दोन हजार शब्दांची कथा दाबून पाचशेत बसवता येईल असं बऱ्याच जणांना वाटतं. नाही बसत. चुरगळते फक्त. पाचशे शब्दांना पाचशे शब्दांचाच प्रसंग लागतो.

म्हणजे कसा? एक कथा घेऊ. ही मी इथल्यापुरती रचलेली आहे, कारण कुणी विश्वासानं पाठवलेली कथा भर सभेत उकलणं बरं नव्हे. तर समजा कथा अशी सुरू होते: 'पहाटेची वेळ होती. पक्ष्यांचा किलबिलाट सुरू होता. पूर्वेला तांबडं फुटत होतं. आण्णा नेहमीप्रमाणे लवकर उठले.' मग आण्णांचा स्वभाव, त्यांचे कष्ट, विहीर कशी खणली, मुलाला कसं शिकवलं. हे झालं दोनशे शब्दांपर्यंत. पुढे केव्हातरी आण्णा तलाठ्याकडे जातात, आणि तिथे हे वाक्य येतं: 'तलाठ्यानं सातबारा पुढे सरकवला. आण्णांनी दोनदा वाचला. त्यावर त्यांचं नाव नव्हतं.'

झालं, कथा इथे सुरू होते! याच्या आधीचं सगळं लेखकानं स्वतःला कथेपर्यंत आणण्यासाठी लिहिलेलं असतं. लिहिताना ते लागतं, पाठवताना लागत नाही. आण्णा कष्टाळू होते हे सांगायचंय? ते सातबारा कसा धरतात ते दाखवा. घडी मोडू नये म्हणून दोन्ही हातांनी. विहिरीचं? उताऱ्यावर विहिरीची नोंद असते. तिच्यावरून आण्णांचं बोट जाऊ दे, पुरे. आता तलाठी सांगतो की मागच्या वर्षी तालुक्याला जाऊन तुम्हीच सही केलीत ना, मुलाच्या नावे बक्षीसपत्र झालंय, फेरफार मंजूर आहे. आण्णांच्या मते ती सही कर्जाच्या कागदावर होती. मुलगा बाहेर मोटारसायकल चालू ठेवून उभा आहे, तिचा आवाज आत येतोय. दोन माणसं, एक टेबल, पंधरा मिनिटं. पाचशे शब्दांत एवढंच मावतं, आणि एवढं भरपूर होतं.

आता शेवट. हमखास येतो तो असा: 'आण्णांना कळून चुकलं, की रक्ताची नातीही पैशापुढे फिकी पडतात. त्यांच्या डोळ्यांतून दोन अश्रू ओघळले.' हे वाचून पहिल्या चाळणीवरचा माणूस कथा खाली ठेवतो. त्याला मघाशीच सगळं कळलेलं असतं, आणि तुम्ही त्याला ते शिकवायला निघालेले असता. दुसरा हमखास शेवट म्हणजे आण्णा दचकून जागे होतात, स्वप्न होतं. तिसरा, तलाठी हाच त्यांचा लहानपणी हरवलेला भाऊ निघतो. लघुकथेला शेवटी धक्का लागतोच, ही समजूत कुणी पसरवली कोण जाणे. मला विचाराल तर आण्णा खिशात हात घालतात आणि विचारतात, 'उताऱ्याचे किती द्यायचे?' बस. बाहेर गाडी चालूच आहे. ते रडले की नाही, हे वाचकाचं वाचक बघून घेईल.

विषयांबद्दल एकच सांगतो. वृद्धाश्रम, परदेशातला मुलगा, सीमेवरून न परतलेला जवान, टाळेबंदीतली उपासमार. हे विषय वाईट नाहीत, पण त्याच गठ्ठ्यात त्याच विषयावर आणखी बऱ्याच कथा असतात, आणि त्या सगळ्या तुमच्या कथेच्या आधी वाचल्या गेलेल्या असतात. तुम्ही बँकेत कॅशियर होता? मग दुपारी पैशांचा हिशेब एका नोटेनं जुळत नाही तेव्हा काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, मला नाही. ते लिहा. कोळणीच्या वाट्याचा भाव कसा ठरतो, रात्रपाळीची नर्स पहाटे चारला काय करते, हे कुठे येतंय आपल्या कथांत?

आणि ज्या मासिकाकडे पाठवताय त्याचे दोनतीन अंक वाचा. विकत घेऊन वाचलेत तर मासिकही जगेल, पण निदान इथे खाली वाचनकक्षात तरी बसा. मराठीत 'मनोरंजन'नं १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून प्रत्येक नियतकालिकाची आपापली चव राहिलेली आहे. 'सत्यकथे'ला चालणारी कथा 'किर्लोस्कर'ला चालेलच असं नव्हतं, आणि उलटही. 'सत्यकथे'चे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रं लिहून कथेतलं कुठे काय अडतंय ते सांगत. ही चव सगळ्यांना मानवली असंही नाही. १९६९ साली कवी राजा ढाले आणि स्वतःची छोटी बंडखोर नियतकालिकं काढणाऱ्या त्यांच्या मित्रांनी 'सत्यकथे'चा अंक जाळला. अंक जाळायलासुद्धा तो आधी वाचावा लागतो. आमच्या मासिकाकडे कथा पाठवणाऱ्या कित्येकांनी आमचा एकही अंक पाहिलेला नसतो. प्रेमही नाही, रागही नाही!

आता थोडं कायद्याचं, कारण याबाबत फार घोळ आहे. कथा लिहिली त्या क्षणी तिचा कॉपीराइट तुमचा होतो, नोंदणी लागत नाही. नियमावलीत कुठेतरी 'सर्व हक्क आयोजकांकडे राहतील' असं बारीक अक्षरात असतं. तिथे थांबा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं १९वं कलम सांगतं, की हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी हवं, त्यावर सही हवी. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. ५७व्या कलमानं कथेचं कर्तेपण तुमच्याकडेच राहतं, हक्क दिले तरीही. प्रसिद्धीचा पहिला हक्क मासिकानं मागणं रास्त आहे, तोच तर त्यांचा फायदा. पण पुढे तुमच्या संग्रहात ती कथा घ्यायची झाली तर परवानगी मागत फिरावं लागेल, अशा अटीवर सही करू नका. आणि प्रवेशशुल्क? छपाईला पैसे लागतात, वाजवी शुल्काला माझा विरोध नाही. पण भाग घेणाऱ्या प्रत्येकाची कथा 'निवडली' जाते आणि मग संग्रहाच्या दहा प्रती घ्याव्या लागतात, अशी स्पर्धा असेल तर ती स्पर्धा नव्हे, तो पुस्तकविक्रीचा धंदा आहे.

यंत्राकडून, म्हणजे एआयकडून, कथा लिहून घेण्याबद्दल कुणीतरी मघाशी चिठ्ठी पाठवलीय. अमेरिकेतल्या 'क्लार्क्सवर्ल्ड' या विज्ञानकथांच्या मासिकाकडे अशा कथांचा एवढा पूर आला, की फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांना कथा घेणंच काही काळ बंद ठेवावं लागलं. आपल्याकडेही आता काही नियमावल्यांत कथा यंत्राकडून लिहून घेतलेली नाही असं प्रतिज्ञापत्र मागतात. मागितलं असेल तर खरं ते लिहा. माझं म्हणणं साधं आहे: तुम्ही अनोळखी माणसाचं वाचन मिळवायला आलात ना? मग त्याच्यापुढे तुमचंच काही नसेल तर त्याचं मत घेऊन करणार काय?

निकालाचं थोडक्यात. तो वेळेवर लागत नाही. चौकशीचं एक पत्र ठीक, रोज फोन करू नका. 'परीक्षकांचा निर्णय अंतिम' याचा अर्थ तो बरोबर असतो असा नाही, तो बदलत नाही एवढाच. बक्षीस नाही मिळालं तर ती कथा त्याच संध्याकाळी दुसरीकडे धाडायची घाई नको. आठवडाभर ठेवा, मग आपलीच नाही असं समजून वाचा. पहिला परिच्छेद उडाला तर काय बिघडतं ते बघा. बहुतेकदा काही बिघडत नाही. आणि एकच कथा एकाच वेळी दोन स्पर्धांना पाठवू नका. दोन्हीकडे निवडली गेली तर एका संपादकाला ऐनवेळी पानं भरावी लागतात, आणि संपादक हे विसरत नाहीत.

हां, मागून काकू विचारतायत की शीर्षक आधी ठरवायचं की नंतर. नंतर. आणि ज्यात शेवट फुटतो ते ठेवू नका. मघाच्या कथेला 'विश्वासघात' नाव दिलंत तर आण्णा तलाठ्याकडे पोचायच्या आधीच वाचक पोचलेला असेल. 'उतारा' ठेवा.