झेलेंका: ड्रेसडेन दरबारातला मंद्र सूर

(पार्श्वभूमीला ‘मिझेरेरे’चा आरंभ)

हे संगीत आहे १७३८ सालचं. त्यातले खालचे स्वर नीट ऐका. क्षणाचीही उसंत न घेता ते ठोके देत राहतात. वर व्हायोलिन्सच्या तुटक, टोकदार झेपा. आणि मग अख्खा गायकवृंद एकदम देवाला हाक घालतो, ‘मिझेरेरे’, दया कर. स्वर एकमेकांना इतके घासतात की अंगावर काटा येतो. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात गायलं जाणारं पश्चात्तापाचं स्तोत्र आहे हे.

रचनाकार यान डिस्मास झेलेंका. जन्म १६७९चा, बोहेमियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) लौन्योवित्से गावी. वडील शिक्षक आणि चर्चमधले ऑर्गनवादक. १७१०च्या सुमारास झेलेंका जर्मनीतल्या ड्रेसडेनच्या दरबारी वाद्यवृंदात व्हिओलोने वाजवू लागले. डबल बासच्या घराण्यातलं हे वाद्य सगळ्यांत खालचा सूर धरतं. त्यांच्या रचना ऐकताना मला पदोपदी वाटतं, या माणसाने संगीत तळाकडून वर ऐकलंय.

पस्तिशी उलटल्यावर ते व्हिएन्नाला संगीतकार योहान योसेफ फुक्स यांच्याकडे शिकायला गेले.

तेव्हाच्या ड्रेसडेनची गंमत अशी, की प्रजा ल्यूथरच्या पंथाची आणि राजा कॅथलिक. पोलंडचं सिंहासन मिळावं म्हणून ऑगस्टसने १६९७ मध्ये पंथ बदलला होता. दरबारासाठी कॅथलिक चर्च उभं राहिलं, तेही ऑपेराच्या जुन्या थिएटरात. तिथल्या उपासनेला सतत नवं संगीत लागायचं. मुख्य संगीतकार हायनिखेन आजारी पडत गेले, तसा हा भार झेलेंकांवर आला.

१७२९ मध्ये हायनिखेन वारले. झेलेंकांनी त्या पदासाठी रीतसर अर्ज केला. पण दरबाराला ऑपेराची ओढ होती. पद मिळालं ऑपेरा रचणाऱ्या हास्से यांना, वयाने वीस वर्षांनी लहान. झेलेंकांना पुढे ‘चर्च-संगीतकार’ हा किताब मिळाला, एवढंच. हा अन्यायच होता, असं माझं स्पष्ट मत आहे. सुरुवातीला ऐकवलेलं ‘मिझेरेरे’ या निराशेनंतरचं आहे.

त्यानंतर, १७४०-४१च्या सुमारास, त्यांनी शेवटचे मोठे मास, म्हणजे कॅथलिक उपासनेसाठीच्या दीर्घ गायनरचना, लिहायला घेतले. सहांचा बेत होता, आपल्या हाती तीन आले. त्यांच्या हयातीत ते गायले गेल्याची नोंद सापडत नाही. तरीही त्यांत कुठे हात आखडता घेतलेला नाही. उलट फ्यूग, म्हणजे एकच सुरावट एकामागून एक आवाज उचलत जातात ते भाग, आणखी विस्तारत जातात, एकल गाण्यांना भरपूर अवकाश मिळतो.

डिसेंबर १७४५. प्रशियाच्या फौजा ड्रेसडेनमध्ये शिरल्या होत्या. २३ तारखेला झेलेंका गेले. दोनच दिवसांनी तह झाला. त्यांनी लग्न केलं नव्हतं. त्यांचं खात्रीलायक म्हणावं असं एकही चित्र उपलब्ध नाही. हस्तलिखितं दरबाराने विकत घेऊन जपून ठेवली, इतकी जपून की बाहेर फारशी कुणाला मिळालीच नाहीत.

पण योहान सेबास्टियन बाख त्यांना ओळखून होते. त्यांनी थोरल्या मुलाकडून झेलेंकांच्या एका ‘माग्निफिकाट’मधल्या (मेरीच्या स्तुतिगीतातल्या) ‘आमेन’ची नक्कल करवून घेतली. पुढे दुसरा मुलगा कार्ल फिलिप याने, वडिलांना कोणकोणते संगीतकार प्रिय होते ते कळवताना, हँडेल आणि टेलेमानच्या बरोबरीने झेलेंकांचं नाव घेतलं.

विसाव्या शतकात ओबो आणि बसून या फुंकवाद्यांसाठीच्या त्यांच्या सोनाटा छापल्या गेल्या आणि वादकांनी त्या उचलून धरल्या. बसून तिथे नुसता आधाराचा सूर धरत नाही, ओबोंशी बरोबरीने झुंजतो. नव्या श्रोत्याने तिथूनच सुरुवात करावी, आणि मग त्या शेवटच्या मासांपैकी १७४१चा ‘मिसा ओम्नियुम सांक्तोरुम’ एका बैठकीत ऐकावा.