शिरक्याच्या बाटलीतलं विरजण

नमस्कार श्रोतेहो.

घरच्या टाकीत पाळतात त्या फायटर माशाचं पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर कसं दिसतं, हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पापणीच्या केसाचा तुकडा पाण्यात पडलाय असं वाटतं. पुढच्या टोकाला दोन काळे ठिपके असतात, ते त्याचे डोळे. पहिले दोन-तीन दिवस ते पोटाखालच्या बलकाच्या पिशवीवर जगतं. मग बलक संपतो, पिल्लू आडवं होऊन पोहायला लागतं, आणि त्या दिवसापासून त्याला खायला लागतं. तोंड केवढं, तर सुईच्या टोकाएवढं. आणि खातं काय, तर जे हलतं तेच. पडून राहिलेली वस्तू त्याच्या लेखी अन्नच नाही.

म्हणून मी नेहमी सांगतो, डबीतल्या गोळ्यांवर मोठा मासा जगतो, पिल्लू जगत नाही. पुन्हा सांगतो, गोळ्यांवर पिल्लू जगत नाही. लोक कणीक टाकतात, पावाचा चुरा टाकतात, उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून टाकतात. ते सगळं तळाशी बसतं, कुजतं आणि पाणी नासतं. आमच्या चौल-रेवदंड्याकडची शाळकरी मुलं माझ्याकडे येतात, रडवेली होऊन विचारतात, "काका, शंभर पिल्लं होती, आठ दिवसांत एकही राहिलं नाही, असं का?" त्यांचं उत्तर एका शब्दात आहे. उपासमार.

आणि मुलांचा विषय निघालाच आहे तर एक बोलून घेतो. वाढदिवसाला गोल काचेच्या भांड्यात गोल्डफिश भेट द्यायची पद्धत आपल्याकडे आली आहे, ती कृपा करून बंद करा. गोल्डफिश वीतभर वाढणारा मासा आहे. त्याला त्या भांड्यात ठेवणं म्हणजे माणसाला न्हाणीत कोंडणं. मुलाला मासा द्यायचा असेल तर आधी टाकी द्या, मग मासा द्या.

तर, हलणारं अन्न. ते घरच्या घरी करता येतं. त्यातलं सगळ्यात सोपं मायक्रोवर्म. गांडुळाशी याचं काही नातं नाही. हा सूत्रकृमी, लांबी फार तर 2 मिलिमीटर, जाडी केसाएवढी. याची मादी अंडी घालत बसत नाही, थेट पिल्लं देते, त्यामुळे डबा बघता बघता भरतो.

श्रीखंडाचा रिकामा डबा घ्या. झाकणाला भोकं पाडा आणि भोकांवर पातळ फडकं चिकटवा, नाहीतर चिलटं शिरतात. ओट्सची किंवा तांदळाच्या कण्यांची घट्ट पेज करा, मीठ घालू नका. गार झाली की डब्यात बोटभर थर द्या. वर चिमूटभर यीस्ट भुरभुरा. आणि त्यावर चमचाभर विरजण. विरजण म्हणजे कुणाच्या तरी चालू डब्यातला कृमींसकट लगदा. दह्याला लागतं तसं यालाही लागतं, आणि दह्याचं आणतो तसंच शेजाऱ्याकडून आणायचं. तीन-चार दिवसांत डब्याच्या भिंती ओलसर चमकायला लागतात. नीट पाहिलंत तर ती चमक वळवळत असते. ओल्या बोटाने ती पुसून घ्यायची आणि बोट टाकीत बुडवायचं. दोन-तीन आठवड्यांनी लगदा पातळ होतो, आंबूस वास सोडतो, तेव्हा जुन्यातलं विरजण घालून नवा डबा लावायचा. जुना मरायच्या आधी नवा. हे लक्षात ठेवा, जुना मरायच्या आधी नवा.

पेजेवरून मनात येतं, आपल्या घरांतून सकाळची पेज गेली याचं मला फार वाईट वाटतं. उकड्या तांदळाची गरम पेज, तिच्यात तुपाचा थेंब, बाजूला भाजलेला पापड. आता मुलं बिस्किटं खाऊन शाळेत जातात. माझ्या घरात आजही पेज होते, आणि तिच्यातली एक पळी मीठ घालण्याआधी कृमींसाठी बाजूला निघते.

आता डब्यांबद्दल सर्वांत महत्त्वाची गोष्ट. एक डबा ठेवू नका, दोन ठेवा. आणि दोन डबे दोन वेगळ्या जागी ठेवा. हे मी का सांगतो, त्यामागे एक हकिगत आहे.

2020 सालचा जून. टाळेबंदी चालू होती. माझ्याकडे लाल फायटरची जोडी होती, तिने 31 मेला अंडी दिली. परातीएवढ्या प्लास्टिकच्या टबात देशी बदामाचं सुकं पान टाकलं होतं, त्या पानाखाली नराने फेसाचं घरटं केलं. अंडी खाली पडली की तो तोंडात उचलून पुन्हा फेसात ठेवायचा. 2 जूनला पिल्लं फुटली. आणि 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं.

ते वादळ ज्यांनी अंगावर घेतलं त्यांना मी वेगळं काय सांगणार? दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, वारा ताशी 100 किलोमीटरच्या वर. आमच्या वाडीतल्या पोफळी शेंडा जमिनीला टेकेपर्यंत वाकायच्या आणि मग मधोमध काडकन मोडायच्या. नारळ मुळांसकट आडवे झाले. माझ्या आजोबांनी लावलेली झाडं होती ती. आम्ही चौघं माजघरात भिंतीला पाठ लावून बसलो होतो. पडवीची कौलं एकामागून एक उचलली जात होती, तो आवाज अजून कानात आहे. पिल्लांचा टब मी खाटेखाली सरकवला होता आणि त्यावर पाट झाकला होता.

वादळानंतर गावात बहुतेकांनी कौलं काढून पत्रे घातले. मी घातले नाहीत. पत्रा उन्हात तापतो, पावसात घरात बोलू देत नाही, आणि वाऱ्याने उडाला तर खालच्या माणसाचा जीव घेतो. कौल फुटलं तर तेवढंच बदलता येतं. कौलारू घर आपल्या हवेला घडलेलं घर आहे, ते मोडू नका.

संध्याकाळी वारा पडला. टब पाहिला. पिल्लं जिवंत, नर घरट्याखाली उभा. मग मी पडवीत गेलो. मायक्रोवर्मचे माझे दोन डबे होते, आणि दोन्ही पडवीतल्या एकाच मांडणीवर होते. मांडणीच कोसळली होती. एक डबा विहिरीच्या कठड्याशी सापडला, पावसाच्या पाण्याने काठोकाठ भरलेला. दुसरा सापडलाच नाही.

दुसऱ्या दिवशी पिल्लं आडवी पोहायला लागली. म्हणजे बलक संपला. लाईट नाही, फोन नाही, दुकानं बंद. आर्टेमिया म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा बारीक जीव, त्याची अंडी उबवायची तर पंप लागतो, पंपाला वीज लागते, आणि मुळात अंडीच नव्हती. केळीची साल पाण्यात घालून सूक्ष्मजीव वाढवता येतात, ते मी लगेच लावलं, पण त्याला चार-पाच दिवस जातात. पोखरणीचं पाणी आणावं म्हटलं, तर तिच्यात झाडं कोसळून पाणी काळं पडलेलं. गावात लोकांना छप्पर नाही, प्यायला पाणी नाही, अशा वेळी माशाच्या पिल्लांचं कुणाला सांगायचं? मी सांगितलं नाही. दिवसभर कौलं वेचत होतो आणि मधूनच येऊन टबात डोकावत होतो.

6 जूनला सकाळी अंगणातून हाक आली. "काय रे बाबा, घर हाय का?"

कोर्लईच्या मावशी. ज्यांना माहीत नसेल त्यांना सांगतो, कोर्लई आमच्या समोर, कुंडलिकेच्या खाडीपलीकडे. तिथला किल्ला पोर्तुगीजांचा. ते 1740 साली गेले, पण किल्ल्याखालच्या गावातली ख्रिस्ती माणसं आजही पोर्तुगीजमधून आलेली आपली वेगळी बोली बोलतात. तिला ते नो लिंग म्हणतात, म्हणजे आमची भाषा. मावशी वीस वर्षं आमच्याकडे सुकट घेऊन यायच्या. त्या दिवशी टोपली नव्हती. रस्त्यात पडलेली झाडं आणि खांब ओलांडत, साळावचा पूल चालत पार करून, सत्तरीतली ती बाई आम्ही आहोत की नाही ते बघायला आली होती.

"हाय मावशी," मी म्हटलं, "अर्धं हाय."

चुलीवर कोरा चहा ठेवला. मावशींनी पिशवीतून एक काचेची बाटली काढली, तोंडाला फडकं बांधलेली. "माडीचा शिरका हाय. फ्रिज बंद, खाडीतली दोन बोयटं गावली तर चोळून ठेव." मी बाटली खिडकीत ठेवायला उचलली आणि वरच्या उघड्या छपरातून उन्हाची तिरीप थेट तिच्यावर आली. शिरक्याच्या वरच्या थरात हजारो बारीक धागे चमकत होते. हलत होते.

मी ओरडलोच, "मावशी, यात कृमी आहेत!"

मावशींचा चेहरा उतरला. "माझ्या शिरक्यात किडे? बरणी उकळत्या पाण्यानं धुते मी."

"तुमचा शिरका खरा आहे म्हणून आहेत," मी म्हटलं. "बाजारच्या बाटलीत नसतात." त्यांना खाटेजवळ नेलं, पाट बाजूला केला आणि पिल्लं दाखवली. सगळं सांगितलं. मावशी बराच वेळ टबाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमची आई तीन पदरी फडक्यातनं गाळायची. म्हणायची, शिरका जिता हाय, गाळल्याबिगर जेवणात घालू नको."

बरोबर म्हणायची ती माउली. शिरक्यातल्या या कृमीला इंग्रजीत व्हिनेगर ईल म्हणतात, म्हणजे शिरक्यातली वाम. रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने 1665 साली सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांचं वर्णन छापलं. माणसाला त्यांचा काही अपाय नाही. ते शिरक्यातले जिवाणू आणि यीस्ट खाऊन राहतात.

आता त्यांना शिरक्यातून वेगळं कसं करायचं? शिरका तसाच टबात ओतला तर पिल्लं मरतील. मी लांब मानेच्या बाटलीत मानेपर्यंत शिरका भरला. मानेत कापसाचा बोळा बसवला, शिरक्याला टेकेल असा. बोळ्यावर विहिरीचं गोडं पाणी घातलं. कृमींना वर हवेकडे यायचं असतं, ते कापसातून वाट काढत गोड्या पाण्यात येतात. सकाळी ते पाणी दुधाळ दिसत होतं. नातवाच्या औषधाच्या ड्रॉपरने दहा थेंब टबात सोडले आणि कंदील जवळ धरला.

पिल्लू आधी थबकतं. मग अंग नागमोडी आवळतं. आणि झेप. एकाने घेतली, दुसऱ्याने घेतली, मग सगळ्या टबात त्या झेपा सुरू झाल्या. दुपारपर्यंत पोटं पांढरी टम्म. माझ्या बायकोने तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावला तेव्हा एक दिवा टबापाशीही ठेवला.

आमच्याकडे लाईट 22 जूनला आली, 19 दिवसांनी. तोवर पिल्लं मावशींच्या बाटलीवर आणि मग केळीच्या सालीच्या पाण्यावर वाढली. नागपंचमीला मोजली, 63 होती. मावशी बघायला आल्या. टबावर वाकून आपल्या बोलीत माशांना काहीतरी म्हणाल्या. मला ते कळलं नाही, मी विचारलंही नाही.

तर शिरक्यातले कृमी कसे ठेवायचे, थोडक्यात ऐका. अर्धा नैसर्गिक शिरका, माडीचा किंवा सफरचंदाचा, अर्धं पाणी, सफरचंदाची एक फोड आणि विरजण. अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा आणि विसरून जा. तीन-चार आठवड्यांत भरतात आणि महिनोन्‌महिने टिकतात. वीज नको, फ्रिज नको. दुकानातला पांढरा शिरका मात्र चालत नाही, त्यात नुसतं आम्ल, कृमींना खायला काही नाही. पांढरा चालत नाही, हे पुन्हा सांगतो. मायक्रोवर्म गोड्या पाण्यात तळाशी जातात आणि दिवसभरात मरतात. हे मात्र कित्येक दिवस पाण्यात पोहत राहतात, त्यामुळे वर राहणाऱ्या पिल्लांना हेच बरे.

वेळ थोडा आहे, ग्रिंडलबद्दल दोन वाक्यं. पिल्लं मोठी झाली की त्यांना हा सेंटिमीटरभर लांबीचा कृमी द्या. काथ्याचा भुसा उकळून, पिळून डब्यात भरा, वर भिजवलेलं बाळाचं सिरियल ठेवा, त्यावर काचेचा तुकडा. काचेला कृमी चिकटतात ते धुऊन घ्या. डबा पाण्याच्या ताटात ठेवा, मुंग्या लागतात. आठवड्यातून दोन-तीनदाच द्या, फार चरबीचं खाणं आहे. याचा मोठा भाऊ पांढरा कृमी, त्याला गारवा लागतो, आपल्या कोकणातल्या उन्हाळ्यात तो टिकत नाही, त्याच्या नादी लागू नका.

मावशींच्या त्या बाटलीचं विरजण पुढे मी अकरा घरांत दिलं. मागच्या चैत्रात माझी स्वतःची बाटली हातातून निसटून फुटली. संध्याकाळी नागावचा एक मुलगा चहाच्या पेल्यातून विरजण घेऊन आला. दोन वर्षांपूर्वी त्याने माझ्याकडूनच नेलं होतं. आणि कोर्लईहून आता शिरका गाळायच्या आदल्या दिवशी निरोप येतो, "उद्या गाळते, बाटली घेऊन ये."

तुम्हीही विरजण आणायला जाल तेव्हा काचेची बाटली न्या, आणि तिला बूच मारू नका. त्यांना हवा लागते. फडकं बांधा.

नमस्कार.