थंडीतले थर: ऊब आणि अंगाची ठेवण

मैत्रिणींनो, थंडीच्या कपड्यांचा विषय निघाला की बहुतेक जणी एक गोष्ट गृहीत धरूनच बोलतात. ऊब हवी असेल तर रूप सोडायचं, आणि रूप हवं असेल तर कुडकुडायचं. मला हे अजिबात मान्य नाही. कपडे उबदार का होतात आणि ते अंगावर खुलून का दिसतात, याची कारणं बऱ्याच अंशी एकच आहेत.

कापड स्वतः उष्णता तयार करत नाही. ऊब राखते ती धाग्यांमध्ये आणि दोन कपड्यांच्या मध्ये अडकून राहिलेली हवा. म्हणून एका जाडजूड स्वेटरपेक्षा पातळ विणीचे दोन कपडे एकावर एक घातले तर अनेकदा जास्त ऊब मिळते, आणि अंगाचा आकारही हरवत नाही. पण तेच कपडे एकमेकांवर कोंबले की मधली हवा दाबली जाते, लोकरीचा फुगीरपणा जातो आणि थंडी वाजू लागते. दिसायलाही तेव्हाच बिघडतं: बाह्या तट्ट होतात, काखेत कापड गोळा होतं, खांदे वर चढतात. आपण गाठोड्यासारख्या दिसतो त्या या कोंबाकोंबीमुळे. थर किती आहेत याला त्यात फारसं महत्त्व नाही.

तेव्हा अंगालगत सगळ्यांत तलम आणि चोपून बसणारं, मध्ये ऊब धरणारं, आणि बाहेर वारा अडवणारं, जरा ऐसपैस. गिर्यारोहकही याच क्रमानं कपडे घालतात. यातला आतला थर कुणाला दिसत नाही, म्हणून तिथे आपण काहीही चालवून घेतो, बहुधा एखादा जुना सुती टी-शर्ट. सुती कापड घाम शोषतं आणि ओलंच राहतं. स्थिर हवेच्या मानानं पाण्यातून उष्णता सुमारे २५ पट सहज वाहते, त्यामुळे भरभर चालून थांबलात की तोच टी-शर्ट पाठीला गारठवतो. मेरिनो लोकर, म्हणजे मेरिनो जातीच्या मेंढीची तलम लोकर, स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के बाष्प शोषूनही हाताला ओली लागत नाही. रेशीमही उत्तम, कारण त्यावरून वरचा कपडा अलगद सरकतो. एवढं मात्र सांभाळा: या थराचा गळा वरच्या गळ्यापेक्षा खोल हवा, नाहीतर हायनेकसारखा, मुद्दाम दिसावा असा. मध्येच डोकावणारी थर्मलची कड चांगल्या पोशाखाची मजा घालवते.

मधला थर निवडताना असा विचार करा, की आत गेल्यावर कोट निघणार आणि मग दिसणार तो हाच. कोटाखाली काहीही चालेल म्हणून घातलेला विटका स्वेटर दिवसभर उघडा पडतो. इथे पातळ, अंगासरशी पडणारी वीण मला सगळ्यांत आवडते. १९१६ च्या सुमारास फ्रेंच फॅशन डिझायनर कोको शनेल यांनी जर्सी, म्हणजे तोवर मुख्यतः पुरुषांच्या अंतर्वस्त्रांसाठी वापरलं जाणारं विणलेलं कापड, स्त्रियांच्या पोशाखात आणलं. ते शरीराबरोबर हलतं, कुठे ताठ उभं राहत नाही, आणि थरांसाठी नेमका हाच गुण लागतो. फारच थंडी असेल तर लोकरीच्या कोटाखाली पातळ, बिनबाह्यांचं पिसांचं जॅकेट घाला. छाती-पाठ उबदार राहते आणि बाह्या फुगत नाहीत.

आता कोट. थर बिघडतात ते बहुतेक मुंढ्यात, म्हणजे बाही जिथे जोडलेली असते तिथे. म्हणून कोट घ्यायला जाताना आतला स्वेटर घालूनच जा. हात वर करा, पुढे जोडा, खाली बसा. पाठीवर कापड ताणलं तर एक माप मोठं घ्या. मात्र खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावरच यायला हवी. तसं जमत नसेल तर रॅग्लन बाहीचा कोट पाहा, त्यात खांद्यावर शिवणच नसते. अस्तर गुळगुळीत हवं, नाहीतर आतली लोकर त्याला धरून वर चढते. ट्रेंच कोट पहिल्या महायुद्धात ब्रिटिश अधिकाऱ्यांमध्ये रूढ झाला. गणवेशावरून घालायचा म्हणून तो सैल असतो आणि कमरेशी पट्ट्यानं आवळता येतो. म्हणूनच थरांवर तो आजही इतका शोभतो: आत जागा मिळते, बाहेर कंबर दिसते.

लांबीकडे फार कमी जणी लक्ष देतात, आणि माझ्या मते सगळा डौल तिथेच ठरतो. कपडा शरीराला बरोबर मधोमध कापत असेल तर उंची कमी वाटते. एक भाग वर आणि दोन भाग खाली असं विभागलं की बांधा रेखीव दिसतो. उंच कमरेच्या पँटवर आखूड जॅकेट खुलतं ते त्यामुळेच. दोन थरांच्या कडा एक-दोन बोटांच्या फरकानं संपल्या तर ती चूक वाटते, चार बोटांहून जास्त फरक ठेवला की तो बेत वाटतो. ठेंगण्या बायकांनी लांब कोट घालू नये, असं सर्रास सांगतात. मी ते मानत नाही. आतले कपडे आणि बूट एकाच रंगाचे ठेवा, कोट पुढून उघडा सोडा. गळ्यापासून पायापर्यंत रंगाची सलग उभी पट्टी तयार होते आणि उंची वाढल्यासारखी वाटते.

छाती भरदार असेल तर व्ही गळा आणि एका ओळीच्या बटणांचा कोट घ्या, दुहेरी बटणांनी रुंदी वाढते. जाड पिळाची वीण जिथे असेल तिथे डोळा थांबतो, त्यामुळे ती कुठे हवी ते तुम्ही ठरवा. अंग बारीक असेल तर तीच वीण छान भरीव दिसते. बारीक दिसणं हेच सुंदर दिसणं, असं मी मुळीच म्हणत नाहीये. रुंद नितंबांवर झुळझुळता लांब कार्डिगन जितका सुंदर पडतो, तितका सपाट अंगावर पडत नाही.

पायांचं थोडक्यात. सैल लोकरी पँटखाली थर्मल लेगिंग दिसत नाही, खुशाल घाला. पण बुटात दोन-दोन मोजे कोंबू नका. बूट घट्ट झाला की पाय उलट गारठतात.

एका बाईंनी मघाशी विचारलं, की लोकर टोचते त्यांनी काय करायचं. टोचतात ती जाड तंतूंची टोकं, साधारण ३० मायक्रॉनच्या पुढची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). बारीक मेरिनोचा तंतू १७ ते १९ मायक्रॉनचा असतो, काश्मिरी लोकरीचा तर आणखी बारीक. तेव्हा अंगालगत या दोन्हींपैकी काहीतरी घ्या. जवळचा आवडता स्वेटर टोचत असेल तर आत कॉलरचा पातळ शर्ट घाला, कॉलर आणि कफ बाहेर काढा. मानेला आणि मनगटाला लोकर लागणार नाही, आणि बाहेर आलेल्या कडांमुळे स्वेटरही उठून दिसेल.