केळीची पानं कुठे मिळतात?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातलं भाषण, साइटसाठी थोडी काटछाट करून)

नमस्कार मंडळी. कमिटीने मला विषय दिलाय 'इंटरनेट बिघडलंय का' आणि वेळ दिलाय दहा मिनिटं, लगेच पुढे जेवण आहे, मसालेभाताचा वास इथपर्यंत येतोय, तेव्हा कोणाचं किती लक्ष आहे ते मला दिसतंय.

मी इथे अमेरिकेत आलो १९९८ ला, वायटूकेच्या लाटेत (सन २००० उजाडताना कॉम्प्युटर तारखांत गोंधळतील म्हणून प्रोग्रामर हवे होते तेव्हा), आपल्यातले बरेचजण तसेच आलेत. 'तेव्हाचं इंटरनेट काय छान होतं हो' असं कोणी म्हणालं की मला हसूच येतं. काय छान होतं? मोडेम किंचाळायचा, वेग नावाला छप्पन्न के, आणि बायकोला फोन करायचा असला की 'तुझं ते बंद कर आधी'. भारतात सर्वसामान्य माणसाला इंटरनेट मिळालंच मुळी १५ ऑगस्ट १९९५ पासून, व्हीएसएनएल या सरकारी कंपनीचं. माझे बाबा सांगलीत दर रविवारी सायबर कॅफेत जायचे, तिथला पोरगा माझी मेल प्रिंट काढून त्यांच्या हातात द्यायचा. मेल अर्थात रोमन लिपीतल्या मराठीत, त्यात ड आणि द एकच. मी कळवलं 'गाडी घेतली', त्यांनी वाचलं 'गादी घेतली', आणि पुढच्या रविवारी उत्तर आलं की तिकडे कापसाची मिळते का रे? आता रोज सकाळी व्हिडिओ कॉलवर आई कुकरची शिट्टी सुद्धा ऐकवते. मला नाही जायचं मागे.

आणि फॉन्टची रड आठवते ना? प्रत्येक मराठी साइटचा फॉन्ट वेगळा, तो उतरवून घेतला नाही तर स्क्रीनवर नुसता चिवडा. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या एकाच सामायिक पद्धतीत, देवनागरी १९९१ पासूनच होती पण आपल्या घरातल्या कॉम्प्युटरवर ती यायला विंडोज एक्सपीचे दिवस उजाडले. मागच्या महिन्यात मंडळाच्या कपाटात १९९९ च्या गणपती अंकाची फ्लॉपी सापडली. उघडली तर संपादकीयाच्या जागी कंस, उद्गारचिन्हं, डॉलर, मधेच एखादा टक्का. आपल्या एका कॉलेजमधल्या पोराने कुठूनतरी तो जुना फॉन्ट मिळवला आणि दोन रात्री बसून सगळं बदलून दिलं, फक्त रफार जागेवर बसले नाहीत, त्यामुळे 'कार्यकर्ते' सगळे अजून लंगडतायत.

मग बिघडलं काय? सांगतो.

त्याच १९९९ मध्ये गणपतीला मला केळीची पानं हवी होती. एका मराठी साइटवर विचारलं. (मायबोली ही मराठी साइट तर १९९६ च्या गणेश चतुर्थीला सुरू झालेली, आजही चालू आहे, ज्यांनी कधी उघडलं नसेल त्यांनी बघा.) दोन दिवसांनी एका अनोळखी माणसाने उत्तर दिलं की इंडियन दुकानात हेलपाटे घालू नका, मेक्सिकन दुकानात जा, फ्रीझरमध्ये बघा, ते लोक तमाले, म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेला मक्याच्या पिठाचा पदार्थ, करायला वापरतात. पान आधी पूर्ण विरघळू द्या, पुसा, आणि गॅसच्या आचेवरून हलकंसं फिरवा, रंग गडद झाला की मऊ पडतं, मग दुमडताना फाटत नाही. झालं. हा माणूस कोण, कुठला, मला आजतागायत माहीत नाही. पाच वर्षांनी त्याच उत्तराखाली कोणीतरी लिहिलं होतं, 'धन्यवाद, मिळाली'.

आता आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हाच प्रश्न दर ऑगस्टमध्ये येतो. मागच्या वर्षी मी मोजलं, चार वेळा. चारही वेळा कोणीतरी उत्तर दिलं आणि चारही वेळा ते गुलाबाच्या फुलांखाली, शुभ सकाळखाली आणि एका दिवंगत लेखकाच्या नावावर खपवलेल्या, त्याने कधीही न लिहिलेल्या कवितेखाली गाडलं गेलं. गावात नुकतं आलेलं, ग्रुपमध्ये नसलेलं जोडपं गूगलवर शोधत बसलं तर त्यांना यातलं काहीच दिसत नाही. पूर्वी आपण ओसरीवर बसून बोलायचो, रस्त्याने जाणाऱ्यालाही ऐकू जायचं. आता माजघरात बसतो, दार लावून.

ग्रुपच्या आधी आपली एक मेलची यादी होती, फुकट सर्व्हिसवर. कंपनीने ती बंद करायची नोटीस पाठवली, ती गेली तेव्हाच्या खजिनदारांच्या जुन्या ऑफिसच्या पत्त्यावर, आणि ते तर नोकरी सोडून टेक्सासला गेलेले. अकरा वर्षांचं लिखाण गेलं. कंपनीवर चिडून काय करणार, कॉपी आपणच ठेवली नव्हती.

अफवांचं म्हणाल तर त्या इंटरनेटने आणल्या असं मी म्हणणार नाही. गणपती दूध प्यायला लागले ती तारीख २१ सप्टेंबर १९९५, व्हीएसएनएलला जेमतेम पाच आठवडे झालेले, आणि ती बातमी एका दिवसात फोनवरून लंडनच्या देवळांपर्यंत पोचली. पण तेव्हा दूध वाया गेलं, एवढंच. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला, बाजाराच्या दिवशी, पोटासाठी भटकणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मारून टाकलं, मुलं पळवणारे आले आहेत अशी व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरलेली अफवा डोक्यात घेऊन. त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल असं झालं. मी त्या दिवसापासून एकही मेसेज पुढे ढकललेला नाही. त्यावरून भावाशी एकदा भांडणही झालंय, असो.

तर विनंती एवढीच. चहाच्या टेबलाशी वही ठेवलीय. इथे राहून जे शिकलात, कुठली पिठी, कुठला भटजी, बर्फात पालखी कशी काढायची, ते लिहा, मी मंडळाच्या साइटवर चढवतो, कुलूप न लावता, आणि कॉपी ठेवून. पानांचं मी स्वतः लिहून टाकलंय. उकडीचे मोदक फुटू नयेत म्हणून काय करायचं ते आपल्या एका काकूंना पक्कं माहितीये, त्या तिसऱ्या रांगेत बसल्यात आणि आत्ता मुद्दाम दुसरीकडे बघतायत.